पाठ कोरी होती

ज्यांच्या घरात इसबाचं लेकरू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, म्हणून आधीच सांगून टाकते: माझा स्वभाव संशयी आहे. दुधवाल्याने माप जरा वाकडं धरलं तरी मला दिसतं. मी शिवणकाम करते. दुकानदार कापड शुद्ध सुती आहे म्हणाला, की घरी आल्यावर पहिल्यांदा एक धागा जाळून त्याचा वास घेते. सासूबाई मला शंकाळू म्हणतात, आणि त्या ते कौतुकाने म्हणत नाहीत.

आमचं गाव तिरोडा तालुक्यात, चोरखमाऱ्याच्या तलावापासून जवळ. नवऱ्याचं, म्हणजे प्रशांतचं, तिरोड्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि पाच वर्षांची आराध्या. तिला सगळे आरू म्हणतात. आरूला तान्ही असल्यापासून इसब आहे. आधी गालांवर लाल चट्टे होते, मग ते कोपरांच्या घड्यांत आणि गुडघ्यांच्या मागे उतरले. खाजवून खाजवून तिथली कातडी जाड आणि काळपट झाली. मलाही लहानपणी होता. माझा आता फक्त हातांवर उरलाय. थंडीत बोटांना चिरा पडतात आणि सुई धरवत नाही.

माझं माहेर आमगावचं. त्यामुळे सासूबाईंचा पहिला संशय तिकडे गेला. 'लपवून देल्ली पोरगी,' असं त्या शेजारणीला सांगताना मी आतून ऐकलं. माझ्या आईने काही लपवलं नव्हतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. ते वाक्य मी गिळलं, पण पचलं नाही.

कोणाकोणावर संशय घेतला

पहिला संशय गावाबाहेरच्या राइस मिलच्या कोंड्यावर. वारा आमच्या दिशेने असला की मी खिडक्या लावून घ्यायची. मग साबण. मग वांगी. मग माझीच आई थंडीत पाठवायची तो लोकरी स्वेटर. त्यातला स्वेटर खरोखर गुन्हेगार निघाला, बाकीच्यांविरुद्ध पुरावा मिळाला नाही.

अंड्यावर माझा फार राग होता. ते मी घरातून बंद केलं. तरी सासूबाई माझ्या मागे नातीला अंडं उकडून देतात, अशी मनात पाल चुकचुकत राहायची. शिवणाचं माप द्यायला बाई आलेली असताना मी आत जाऊन आरूचं तोंड हुंगून यायची. हसू येतंय ना? मलाही आता येतं. तेव्हा येत नव्हतं. अंडं गेलं, दूध गेलं, शेंगदाणे गेले आणि पोरगी काडी झाली. इसब तसाच.

सासूबाईंचं औषध वेगळं होतं. करंजीचं तेल. त्यांच्या मते अंगातली गरमी बाहेर पडत होती आणि तिला वाट द्यायला हवी होती. मलम लावून दाबली तर ती छातीत उतरते आणि दमा होतो, असं त्या सांगायच्या. दम्याचं हे भय आमच्या भागात घरोघरी आहे. ते खोटं आहे हे मला पुढे भेटलेल्या डॉक्टरीण बाईंनी समजावलं. इसब असलेल्या काही मुलांना पुढे दमाही होतो, कारण दोन्हीचं मूळ जवळपास एकच असतं. मलम त्याला आत ढकलत नाही.

प्रशांत मधल्या मध्ये. त्याने गोंदियाच्या एका औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली. दुकानदार म्हणाला होता, 'भैया, ये लगाओ, तीन दिन में चमडी साफ.' आणि झाली की साफ. आम्ही खूश. ट्यूब थांबवली की चट्टे दुप्पट जोराने परत यायचे. गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, आतल्या शिरा दिसायला लागल्या. माझा संशय यावेळी बरोबर जागी होता, पण ट्यूब फेकेपर्यंत पावसाळा संपून गेला होता.

निदानाचा दिवस

मग आम्ही गोंदियाला त्वचारोगाच्या डॉक्टरीण बाईंकडे गेलो. त्यांनी आरूला खिडकीजवळ उभं केलं, घड्या पाहिल्या, माझे हात पाहिले आणि म्हणाल्या, 'एक्झिमा आहे. इसब. कोणाला लागत नाही, कोणाच्या चुकीने होत नाही. पूरा ठीक होईल असं वचन मी देणार नाही, ताब्यात राहील.'

बाहेर आल्यावर प्रशांतचा चेहरा पडला होता. मला मात्र वेगळंच सुचलं. बरं करत नाही म्हणजे गिऱ्हाईक कायमचं बांधून ठेवते ही बाई. त्यात चिठ्ठीवर स्टिरॉइडचं मलम. मी परत आत गेले. विचारलं की तुमच्या मलमात आणि दुकानदाराच्या ट्यूबमध्ये फरक काय. बाहेर रांग लागली होती, तरी त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, 'दुकानदाराच्या ट्यूबमध्ये तीनचार औषधं एकत्र होती, आणि चेहऱ्याला चालत नाही असं जोरदार स्टिरॉइड. माझं सौम्य आहे. कुठे लावायचं, किती, किती दिवस आणि कमी कसं करायचं, ते मी सांगते. आणि मी बघत राहते.'

मी ते आधी माझ्या बोटांच्या चिरांना लावून पाहिलं. हात काही गळून पडला नाही. मग आरूला सुरू केलं.

खरं सांगायचं तर इसबाचं काम औषधापेक्षा कंटाळ्याचं जास्त आहे. कोमट पाण्याची आंघोळ, लवकर उरकायची. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर आहे तोवरच साधं, बिनवासाचं, ओलावा धरणारं क्रीम भरपूर चोपडायचं. तेवढंच क्रीम दुपारी आणि झोपताना. स्टिरॉइड फक्त लाल जागांवर, सांगितले तितके दिवस; बरं दिसलं म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नाही. नखं कापलेली. अंडं आणि दूध डॉक्टरीण बाईंनी पुन्हा सुरू करायला लावलं, आणि मी आधी बंद केलं त्याबद्दल झापलं. मी माझ्याकडून एक भर घातली: आरूचे सगळे फ्रॉक शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून शिवले. लोकांना ते उलटे वाटायचे. तिला मात्र शिवण टोचायची बंद झाली.

दिवाळीपर्यंत कोपरांच्या घड्या जवळजवळ स्वच्छ झाल्या. सासूबाईंनी करंजीच्या तेलाची बाटली वरच्या फळीवर ठेवून दिली.

मंडई

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, रात्री नाटक असतं, आणि प्रत्येक घरी पाहुणे. आमच्या घरीही अंगण भरलं होतं. आमगावहून माझा धाकटा भाऊ मुकेश आला होता. त्याच्या ओठाच्या कडेला जर, म्हणजे बारीक फोडांचा पुंजका, उठला होता, तापानंतर उठतो तसा. सासूबाईंनी स्वतः वाटीतलं तूप आणून त्याला लावायला दिलं. मुकेशचा आरूवर जीव. दिवसभर ती त्याच्या खांद्यावर होती आणि तो तिचे गाल सोडत नव्हता. मी पाहत होते आणि मला बरं वाटत होतं. त्या घरात माझ्या माहेरचं कोणी एवढ्या मोकळेपणाने बसलं नव्हतं.

काही दिवसांनी आरूला ताप चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या गालावर आणि कोपरांत पाणी भरलेले बारीक दाणे आले.

माता

खालच्या मोहल्ल्यात दोन पोरांना तेव्हा कांजण्या होत्याच. आमच्याकडे कोणी कांजण्या म्हणत नाही, माता आली म्हणतात. सासूबाईंनी आरूच्या कपाळाला हात लावला, दाणे पाहिले, हात जोडले आणि बाहेर गेल्या. थोड्या वेळाने दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: माता घरात असली की फोडणी द्यायची नाही, मांसमच्छी करायची नाही, बाहेरच्याने आत यायचं नाही, अंगाला तेल-मलम लावायचं नाही, औषध द्यायचं नाही. आणि लेकराला गावाच्या शिवेबाहेर न्यायचं नाही. माता शांत झाली की शिवेवरच्या मातामायला पाणी घालायचं.

'आता ते मलम बंद कर,' सासूबाई म्हणाल्या. 'माता पाहुनी हाय. तिले त्रास देऊ नोको.'

प्रशांतने माझ्याकडे पाहिलं. शिकलेला माणूस, पण आईसमोर त्याचा आवाज बसतो. मी स्वतः लहानपणी मातेतून उठले आहे, माझ्या आईनेही हेच केलं होतं. मातेचं भय मलाही आहे, ते नाही म्हणणार नाही. मी आरूजवळ बसून राहिले.

ती रडत होती, पण खाजतंय म्हणून नाही. दुखतंय म्हणून. तिथे माझे कान टवकारले. पाच वर्षं मी तिची खाज ऐकत आले होते, तिचं रडणं मला पाठ होतं आणि हे रडणं वेगळं होतं. मी दाण्यांकडे पाहत बसले. दुपारपर्यंत ते वाढले होते. काही फुटून तिथे टोचल्यासारखे गोल खड्डे पडले होते. एक दाणा डाव्या पापणीच्या अगदी जवळ आला होता. आणि मग मला ते दिसलं. दाणे होते ते फक्त गालावर, कोपरांच्या घड्यांत आणि गुडघ्यांच्या मागे. जिथे जिथे इसब, तिथे तिथे. बाकी अंगावर एक नाही.

मी सासूबाईंना हाक मारली आणि विचारलं की मातेला फक्त इसबाच्याच जागा कशा सापडल्या.

'तू आता मातेवर बी शंका घेतेस?' त्यांचा आवाज थरथरत होता. मला वाटलं रागाने. आता वाटतं भीतीने.

'मातेवर नाही घेत, आई. ही माता आहे का, त्याच्यावर घेते. तुम्ही गावातल्या किती लेकरांची माता पाहिली. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. एकदा नीट पाहा.'

त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी पोरगी उचलून निघालेच असते, पण मग त्या घरात परत कशी आले असते ते मला माहीत नाही.

सासूबाई खाली बसल्या. आरूला त्यांनी कुशीवर वळवलं, फ्रॉक वर केला आणि पाठीवरून हात फिरवला. मग पोट पाहिलं. डोक्याचे केस बाजूला करून पाहिले. फार वेळ पाहिलं. प्रशांत दारात उभा होता.

'पाठ कोरी हाय,' त्या शेवटी म्हणाल्या. 'माता आंधी पोटापाठीवर येते.' मग प्रशांतकडे न पाहता म्हणाल्या, 'काऊन उभा हायस? ऑटो पाह्य.'

शेजारच्या पोराचा ऑटो मिळाला. शिवेवर मातामायपाशी सासूबाईंनी तो थांबवायला लावला आणि पाण्याचा गडवा घेऊन उतरल्या. आरू माझ्या मांडीवर तापाने फणफणत होती, पापणी सुजायला लागली होती, आणि मी आतल्या आत पेटले होते. एकेक क्षण जड जात होता. त्यांनी पाणी घातलं, डोकं टेकवलं, काहीतरी पुटपुटल्या आणि परत येऊन बसल्या. 'मातेले पुसून आली,' एवढंच म्हणाल्या. गोंदियापर्यंत आरूचे पाय त्यांच्या मांडीवर होते.

वॉर्डात

दवाखान्यात आरूला लगेच भरती केलं. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की या कांजण्या नाहीत. ओठावर जर उठतो त्याचाच हा विषाणू. धडधाकट माणसाला चार दिवस त्रास देऊन जातो. इसबाच्या लेकराची कातडी आधीच फाटकी असते, तिथून तो वणव्यासारखा पसरतो. सलाइनमधून औषध सुरू झालं. डोळ्यांचे डॉक्टर येऊन गेले. बुबुळापर्यंत पोचलं नाही, म्हणाले, पण उद्या आणलं असतं तर सांगता आलं नसतं. मी तिथेच भिंतीला टेकून बसले. ओरडून रडावंसं वाटत होतं आणि रडू येत नव्हतं.

मग डॉक्टरीण बाईंनी विचारलं, 'घरात कोणाच्या ओठावर असं काही उठलं होतं का एवढ्यात?'

मुकेशचा ओठ माझ्या डोळ्यांसमोर आला. त्याच्या खांद्यावरची आरू आली. प्रशांत माझ्याकडे पाहत होता आणि सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. पाच वर्षं त्यांनी माझ्या माहेरावर बोट ठेवलं होतं, आणि आता डॉक्टरच पुरावा मागत होते.

'मंडई होती, बाई,' सासूबाई म्हणाल्या. 'सारा गाव येऊन गेला. कोनाकोनाचे ओठ पाहाचे?'

डॉक्टरीण बाई म्हणाल्या की नाव नाही कळलं तरी चालेल, पुढे काळजी घ्या म्हणजे झालं.

नंतर बाकावर मी सासूबाईंना हळूच विचारलं, की त्यांनी पाहिलं होतं ना.

'तूप कोनं देल्लं त्याले?' त्या म्हणाल्या.

'मग सांगितलं का नाही?'

'मामानं भाचीचा मुका घेतला. त्यात का पाप हाय?'

तेव्हा मात्र मला रडू आलं. त्यांनी पदर पुढे केला नाही, पाठीवरून हात फिरवला नाही, तो त्यांचा स्वभाव नाही. शेजारी बसून राहिल्या.

वॉर्डाचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. सकाळी सिस्टर सलाइन बदलायची, ताप मोजायची, डोळ्यात थेंब घालायची. हातांनी खाजवू नये म्हणून मी मऊ जुन्या धोतराच्या पिशव्या शिवून आरूच्या पंजांना बांधल्या. प्रत्येक बाटलीवरचं मी वाचायची. सिस्टर एकदा हसून म्हणाली, 'ताई, तुम्ही पोलिसात आहात का?' पलीकडच्या खाटेवरच्या बाईने आपली थैली आमच्यापासून लांब सरकवली. मला ते लागलं. पण तिच्या जागी मीही तेच केलं असतं. नंतर आरूने डोळा पूर्ण उघडला आणि आजीकडे पोहे मागितले. पोह्यांना फोडणी हवी म्हणाली. आजी खाली जाऊन फोडणीचे पोहे घेऊन आल्या.

घरी

ज्यांच्याकडे असं लेकरू आहे त्यांना माझं सांगणं थोडकंच. इसबात ताप आला, दुखरे पाणीदार दाणे आले, कातडी अचानक पाझरायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. देवाचं करायचं तर वाटेत करा, पण वाट थांबवू नका. ओठावर जर असलेल्या माणसाने लेकराचा मुका घेऊ नये. मुकेशला मी एवढं सांगितलं आहे. का, ते सांगितलं नाही. आणि शंका आली तर ती डॉक्टरांना तोंडावर विचारा. घरच्या घरी मनात मुरवत ठेवली की ती लेकराच्या अंगावर निघते.

आरूचा इसब गेला नाही. या थंडीतही घड्या लाल झाल्या, पण ताब्यात आहे. माझे हात मात्र बिघडले. लग्नसराईचे ब्लाउज, खडू, मशीनचं तेल. बोटांना इतक्या चिरा पडल्या की डॉक्टरीण बाईंनी मलाच दम दिला. आरूला क्रीम लावायचं काम आजवर मी कोणाच्या हाती दिलं नव्हतं. प्रशांतच्याही नाही. तो जास्त लावेल, कमी लावेल, भलतंच लावेल.

काल संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, 'दे इकडे. तुह्या हातानं तिले बोचून राहिलं.'

खरंच बोचत असणार. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला. डब्याचं झाकण त्यांनी हुंगून पाहिलं. बोट घालणार तोच आरू म्हणाली, 'आजी, आंधी हात धू.'

ज्या बाईने अख्ख्या गावात कोणाचं ऐकलं नाही, ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि नळाकडे गेली. साबण घासल्याचा आवाज आला. मी मशीनवर जाऊन बसले, सुईत धागा ओवला आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही.